दोन क्लब, एक पोचा

माझ्याकडे १९६७ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, १७९८ सीसीची. अमेरिकेतले व्हिंटेज रेसिंगचे, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शर्यतींचे, दोन क्लब मी काही वर्षं आलटूनपालटून धरून आहे. फी जवळपास सारखी आणि नियमपुस्तिका म्हणाल तर जुळ्या बहिणी. फरक कळतो तो कुणी नियम मोडल्यावर.

पहिला क्लब गाडीच्या बाबतीत कडक. टेक इन्स्पेक्शनला, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीतपासणीला, तिथले काका बॉनेट उघडायला लावतात, टॉर्च मारून गाडीची मूळची एसयू कार्ब्युरेटरची जोडी बघतात, हार्नेसवरची (सीटच्या पट्ट्यांवरची) तारीख वाचतात, हेल्मेटच्या आतलं स्नेलचं सुरक्षा-लेबलसुद्धा. एकदा माझ्या शेजारच्या पठ्ठ्यानं मूळच्याऐवजी वेबर कार्ब्युरेटर बसवून आणला, तर त्याला सगळ्यांच्या मागे उभं केलं. मला हे पटतं. ब्रिटनमधला १९३४ चा व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब गाडीच्या अस्सलपणासाठी ‘बफ फॉर्म’ मागतो, मोटार-शर्यतींची जागतिक संघटना एफआयए तर ‘अपेंडिक्स के’ या नियमावलीखाली जुन्या गाडीचा टेक्निकल पासपोर्टच काढते. गाडी त्या काळातली राहिली नाही तर मग शर्यत कसली?

पण त्याच क्लबच्या शर्यतीत एकानं वळणावर आत घुसून माझं डावं मागचं मडगार्ड चेपलं. पोच्यात त्याचा लाल रंग बसलेला. स्टुअर्डनं, म्हणजे शर्यतीच्या पंचानं, दोन मिनिटांत ‘रेसिंग इन्सिडेंट’, म्हणजे कुणाचाच दोष नाही, म्हणून विषय मिटवला. माझ्या गाडीतला कॅमेरा पुढचं दाखवतो, मागचं नाही, त्यामुळे पुरावा शून्य. रात्री जेवणाच्या तंबूवर प्रायोजक म्हणून त्याच गृहस्थांच्या नावाचा फलक होता. मी काही म्हणत नाही.

दुसऱ्या क्लबात टेक दहा मिनिटांत उरकतं. ब्रेक, टायर, चाकांचे नट, झालं. कार्ब्युरेटर कुठला, कुणी विचारत नाही. त्यामुळे आमच्या गटात साठच्या दशकातली म्हणवणारी एक गाडी सरळ रस्त्यावर अशी पळते, की तिचं इंजिन तिच्या मालकापेक्षा तरुण असणार! हा दोष मोठा आहे आणि क्लबला तो दिसत नाही असंही नाही.

मात्र पत्र्याला पत्रा लागला, की दोन्ही गाड्या थेट पिटमध्ये. इथे तेरा-तेराचा नियम खरोखर पाळतात: चूक ज्याची, तो तेरा महिने प्रोबेशनवर, म्हणजे नजरेखाली. तेवढ्यात पुन्हा चुकला तर तेरा महिने बंदी. बारा का नाही? बारा असते तर पुढच्या वर्षी त्याच वीकएंडला माणूस परत हजर. तेरा केले की वर्षातली ती लाडकी शर्यत हमखास बुडते, असा आपला माझा तर्क.

हे मला नेमकं ठाऊक आहे कारण मीच त्यात सापडलो. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक उशिरा लावला आणि पुढच्या अल्फा रोमिओ गाडीच्या मागच्या पत्र्याला नाक लावलं. पिटमध्ये स्टुअर्डबाई आल्या. वय सत्तरीचं असावं. अंगठा ओला करून त्यांनी माझ्या नाकावरचा रंग घासून बघितला, मग विचारलं, ‘‘काय झालं?’’ आणि गप्प उभ्या राहिल्या. ती शांतता फार वाईट असते हो. मनात तेलाचा डाग, समोरच्यानं अचानक ब्रेक लावला, वगैरे सगळं तयार होतं. तोंडातून निघालं, ‘‘उशिरा ब्रेक लावला.’’ मग त्यांनी अल्फावाल्यालाही विचारलं, तुला आरशात हा दिसला नव्हता का? मार खाल्लेल्यालाही प्रश्न विचारणं मला आवडलं. वळणावरच्या झेंडेवाल्यांचा लेखी अहवाल आला आणि तासाभरात निकाल: उरलेला वीकएंड गाडी उभी, वर तेरा महिने प्रोबेशन. तंबूवर नाव कुणाचं, याचा संबंध नाही.

आता दुसऱ्या क्लबचं सभासदत्व दरवर्षी भरतो. पहिल्याच्या एकाच शर्यतीला जातो, तेही ट्रॅक सुंदर आहे म्हणून. डावं मडगार्ड तसंच ठेवलंय. अल्फाचा पत्रा मात्र माझ्या खर्चानं सरळ करून दिला, त्यानं मागितलं नव्हतं तरी. हल्ली आरशात मी दिसलो की तो हात बाहेर काढून कुठल्या बाजूनं जा ते दाखवतो, आणि जरा लवकरच दाखवतो.