सोनं खरं, अक्षरं खोटी

जुनं अमेरिकन सोन्याचं नाणं घ्यायचं मनात असेल, तर पैसे मोजण्याआधी माझी हकीकत वाचा.

माझे बाबा मुंबईच्या टांकसाळीत नोकरीला होते. जून 1893 मध्ये भारतातल्या टांकसाळींनी लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. पुढे कॅलिफोर्नियात आलो आणि नेवाडातल्या कार्सन सिटीची जुनी टांकसाळ पाहिली. आता तिथे संग्रहालय आहे. तिथेही नाणी पाडणं थांबलं ते 1893 च्या जूनमध्येच! चांदीचा भाव कोसळलेला, अमेरिकी तिजोरीतलं सोनं 10 कोटी डॉलरच्या खाली गेलेलं, बँका एकामागून एक बुडत होत्या. त्या वर्षाचं कार्सन सिटीचं पाच डॉलरचं नाणं आपल्याकडे असावंच, असं मनाने घेतलं.

नाण्यांच्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याला मी हे सगळं भरभरून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्याकडे नेमकं तेच नाणं आलं. माझ्यासमोर वजन केलं: 8.36 ग्रॅम. मशीनवर कस लावला: 90 टक्के सोनं. मागच्या बाजूला गरुडाच्या चित्राखाली ‘सी सी’ ही अक्षरं, म्हणजे कार्सन सिटीच्या टांकसाळीची खूण. मी सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट रक्कम रोख दिली. पावती मागितली नाही.

काही महिन्यांनी नाणं तपासणीला पाठवलं. शेरा आला: अक्षरं नंतर बसवलेली.

1893 मध्ये फिलाडेल्फियात अशी 15 लाखांहून जास्त नाणी पडली. त्यांच्यावर टांकसाळीचं अक्षर नसतं. कार्सन सिटीत पडली फक्त 60,000. कुणीतरी फिलाडेल्फियाच्या नाण्यावर दोन इवलीशी अक्षरं चिकटवली होती. मग वजनात किंवा कसात काय सापडणार? 1883 मध्ये पाच सेंटच्या नाण्यांना सोन्याचा मुलामा देऊन ती पाच डॉलर म्हणून खपवली गेली होती. ती लबाडी तराजूवर तरी पकडता आली असती.

भिंगाखाली अक्षरांच्या बुडाशी बारीक रेघ दिसली. खऱ्या नाण्यात अक्षरं ठशातूनच उमटतात, त्यामुळे ती नाण्याच्या पृष्ठभागातूनच वर आलेली दिसतात. हे मी घेण्याआधी बघायला हवं होतं, किंवा तपासून सीलबंद केलेलंच नाणं मागायला हवं होतं.

विक्रेता फोन उचलत नाही. आयोजकांनी पावती मागितली, ती माझ्याकडे नाही.

नाणं अजून माझ्याकडेच आहे. कधी विकलंच तर सोन्याच्या भावाने विकेन, आणि अक्षरं खोटी आहेत हे घेणाऱ्याला लिहून देईन.