नौपाड्यातून (ठाणे) आणलेले बाळाचे प्रोबायोटिक थेंब (जिवंत चांगले बॅक्टेरिया असलेले), पाचपैकी अडीच स्टार

आधीच सांगते, अडीचमधले दोन स्टार पोटासाठी, अर्धा ड्रॉपरसाठी आणि दम्यासाठी शून्य.

मुलगा तेव्हा दोन महिन्यांचा, सीझरचा, त्यात जन्मल्यावर लगेच इन्फेक्शनच्या शंकेने पाच दिवस अँटिबायोटिक झालेलं. नवऱ्याला लहानपणापासून दमा, पावसाळा लागला की पंप खिशात. त्यामुळे माझ्या डोक्यात सतत तोच भुंगा. मेडिकलमध्ये डायपर घ्यायला गेले तर काउंटरवरचे दादा म्हणाले, ताई, रोज पाच थेंब द्या, सीझरच्या बाळांना चांगले बॅक्टेरिया मिळत नाहीत, हे दिलं की पुढे बाळदमा होतच नाही. झालं, साडेचारशे रुपये देऊन मोकळी. बाळ दिवस भरून झालंय का हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही, आणि ते विचारायलाच हवं, कारण वेळेआधी जन्मलेल्या बाळांना हॉस्पिटलमध्ये प्रोबायोटिक देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, 2023 मध्ये इशारा दिलाय.

थेंब तेलात असतात, बाटली हलवून द्यायचे कारण बॅक्टेरिया तळाशी बसतात. ड्रॉपर मस्त, थेंब मोजता येतात, बाळ तोंड वेडंवाकडं करत नाही. आमच्याकडे संध्याकाळी सहाला जो भोंगा सुरू व्हायचा तो दोनेक आठवड्यांनी जरा आटोक्यात आला. आता हे थेंबांमुळे की वयामुळे, देव जाणे, कारण हे रडणं तसंही तीन-चार महिन्यांनी आपोआप कमी होतं (सासूबाई म्हणतात त्यांच्या घुटीमुळे, जी मी दिलीच नव्हती). पण अंगावर पिणाऱ्या बाळांच्या कॉलिकमध्ये (म्हणजे असंच न थांबणारं रडणं) लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या बॅक्टेरियाचा खरंच थोडा फायदा दिसलाय, प्लासिबो म्हणजे खोटे थेंब दिलेल्यांपेक्षा 21व्या दिवशी रोजचं रडणं साधारण 25 मिनिटं कमी. फॉर्म्युलावरच्या बाळांसाठी मात्र तेवढा पुरावा नाही.

आता दमा. लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांना बाटली दाखवली तर ते हसलेच. नंतर घरी येऊन मीच वाचत बसले. 2015 मध्ये कॅनडातल्या 319 बाळांचा अभ्यास आला, त्यात पुढे दम्याचा धोका जास्त असलेल्या बाळांच्या तीन महिन्यांच्या वयातल्या शीमध्ये चार बॅक्टेरिया कमी निघाले, फीकॅलिबॅक्टेरियम, लॅक्नोस्पिरा, वेलोनेला आणि रोथिया. वर्षाचं होईपर्यंत तो फरक बराचसा पुसला गेला होता, म्हणजे पहिल्या शंभरेक दिवसांतच काहीतरी घडतं. तर आतड्याचा आणि दम्याचा संबंध दादांनी हवेतून काढला नव्हता. पण मग मी बाटली उलटी करून बघितली, आत फक्त रॉयटेरी. त्या चौघांपैकी एकही नाही! म्हणजे पाहुणे भलतेच आणि आमंत्रण भलत्यालाच. सॅन फ्रान्सिस्कोत 184 बाळांवर ट्रायल झाली, अर्ध्यांना पहिले सहा महिने दुसरं एक नावाजलेलं प्रोबायोटिक, लॅक्टोबॅसिलस जीजी, रोज दिलं, तरी पाच वर्षांपर्यंत दम्यात ठोस फरक आला नाही. त्याआधी 2013 मध्ये 20 ट्रायल्स एकत्र तपासल्या होत्या, तिथेही दमा टळल्याचा पुरावा नाही.

डॉक्टरांनी उलट मलाच विचारलं, घरात सिगरेट कोण ओढतं आणि कॉइल लावता का. आम्ही खाडीच्या बाजूला राहतो हो, डास काय असतात ते इकडच्यांनाच ठाऊक, कॉइल रोजची. आणि साध्या सर्दीला माझ्याकडे अँटिबायोटिक मागू नका म्हणाले, त्याने आतड्यातले चांगले बॅक्टेरियाही मरतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2000 ते 2014 मध्ये तान्ह्या बाळांना अँटिबायोटिक देणं बरंच कमी झालं, त्याच काळात 1 ते 4 वर्षांच्या मुलांमधला नवा दमा 26 टक्क्यांनी घटला. त्यामुळेच झालं असं छातीठोक नाही म्हणता येत, पण मला ते बाटलीपेक्षा जास्त पटलं.

दुकानाबद्दल एक तक्रार आहेच. खोक्यावर लिहिलंय 25 डिग्रीच्या खाली ठेवा आणि यांनी ती मे महिन्यात पश्चिमेच्या काचेला लावून मांडलेली, हातात घेतली तेव्हा चक्क कोमट. जिवंत बॅक्टेरिया विकताय ना, मग निदान फ्रिजमध्ये तरी ठेवा. परत घ्यायला तयार नाहीत, सील तोडलंय म्हणे.

दुसरी बाटली घेतली नाही. त्या पैशात दोन खिडक्यांना जाळी बसली, कॉइल बंद, आणि सासरे सिगरेटसाठी खाली गेटपर्यंत जातात, कुरकुरत.