'एट अँड अ हाफ' की 'स्टारडस्ट मेमरीज'?

दोन्ही सिनेमे कृष्णधवल, दोन्हींचा नायक नावाजलेला पण आतून सैरभैर झालेला दिग्दर्शक. इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या 'एट अँड अ हाफ'मध्ये (१९६३) गुइदोला पुढचा सिनेमाच सुचत नाहीये. निर्माता मागे लागलाय, सेट उभा राहतोय आणि हा स्वप्नांत पळ काढतोय. सुरुवातीलाच वाहतूक कोंडीत गुदमरलेला गुइदो गाडीतून निसटून थेट आभाळात तरंगतो. काय दृश्य आहे ते!

अमेरिकी दिग्दर्शक वुडी अ‍ॅलनच्या 'स्टारडस्ट मेमरीज'मध्ये (१९८०) सँडीला गंभीर सिनेमे करायचेत, चाहत्यांना मात्र त्याचे जुने विनोदीच हवेत. परग्रहवासीसुद्धा त्याला हेच सुनावतात. हसू इथे जास्त येतं. तरी मला फेलिनीच जवळचा वाटतो, कारण गुइदोच्या खोटेपणाकडेही तो मायेनं बघतो. सँडी चाहत्यांवर फारच वैतागलेला असतो. दोन्ही बघणार असाल तर आधी फेलिनी बघा; अ‍ॅलनच्या सिनेमातल्या कितीतरी जागा मग आपोआप उलगडतात.