टेस्टिंग शेवटी एकदम का रोजच्या कामातच? कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पोरांसाठी

यवतमाळ, वणी, हिंगणघाट इकडच्या जिनिंगवाल्यांसाठी किंवा शेतकरी कंपनीसाठी सॉफ्टवेअर बनवायचं असलं का टेस्टिंगले वेळ कुठून काढायचा हा प्रश्न येतेच. समोर दोन रस्ते राहतात, एकतर सगळं कोडिंग उरकून शेवटचे दोन आठवडे टेस्टिंगले द्यायचे, नाहीतर प्रत्येक काम तपासल्याशिवाय ते झालं असं म्हणायचंच नाही.

पहिल्यात मालकाले स्क्रीन लवकर दिसते, तो खुश. पण कोडिंग लांबते आणि तारीख हलत नाही, कारण दिवाळीच्या आसपास कापूस घरी येतेच, तो काही तुमच्या कोडसाठी थांबत नाही, मग कापल्या जाते ते टेस्टिंगच. आणि उरलेल्या दोन-तीन दिवसात बग सापडला तरी तोवर तोच हिशोब काटापट्टीत (वजनाच्या पावतीत), खात्यात, बँक पेमेंटमध्ये सगळीकडे गेलेला राहते, एक दुरुस्त केलं का दुसरं बिघडते.

दुसऱ्यात सुरुवात हळू होते, हे खरं आहे. पण ओलाव्याचंच घ्या. सीसीआय, म्हणजे कापूस घेणारी सरकारी कंपनी, कापसात ८ टक्के ओलावा धरून हमीभाव देते, त्याच्यावर १२ पर्यंत कपात करून घेते, १२ च्या वर घेत नाही. कपातीचा कोड लिहितानाच ७.९, ८, ८.१, १२, १२.१ असे काठावरचे आकडे टाकून ऑटोमेटेड टेस्ट लिहिली तर ती प्रत्येक बदलाले आपोआप चालते. शेवटच्या घाईत माणूस १० टाकून पाहते, आकडा बरोबर दिसला का पुढं जाते, ८.१ कोणी टाकत नाही. आणि चूक निघाली तर पैसे कास्तकाराचे जातात भाऊ, म्हणून मी याच्यावर इतका अडून बसतो.

नेटचं पण तसंच, लाईन गेली, मोबाईलनं पावती पुन्हा पाठवली आणि एकाच गाडीच्या दोन नोंदी चढल्या, हे कोड लिहितानाच तपासणं सोपं जाते.

पण निव्वळ दुसऱ्या रस्त्यानं पण भागत नाही. ४ जून १९९६ ले युरोपचं एरियन ५ रॉकेट इंजिन पेटल्यावर ३७ सेकंदांच्या आसपास भरकटलं आणि फुटलं, कोड आधीच्या एरियन ४ वर चाललेला होता, पण नव्या रॉकेटच्या उड्डाणाचे आकडे टाकून तो तपासलाच नव्हता. आपल्याकडं ते आकडे म्हणजे गाडी तोलणारा खरा काटा, खरा प्रिंटर, धूळ आणि रांगेत उभ्या गाड्या.

म्हणून माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं, वरून दोन दिवस काट्यावर. वेळ कमी पडत असेल तर डॅशबोर्ड पुढच्या हंगामाले ढकला, मॅनेजरशिवाय तो कोणी पाहत नाही. कोटेशनमध्ये टेस्टिंगची वेगळी ओळ टाकू नका, घासाघीस सुरू झाली का पहिले तीच खोडल्या जाते, प्रत्येक कामाच्या तासातच धरा. काट्यावरचे दोन दिवस मात्र वेगळे लिहा, तारखेसहित, आणि ते खरेदी सुरू व्हायच्या आधीचेच घ्या.