थारचा बंपर, विंच आणि सव्वा लाखाची फसवणूक

इंदुरात ऑफ-रोडचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने मला थारसाठी ‘चार मिलिमीटर प्लेटचा’ पुढचा बंपर आणि ‘साडेनऊ हजार पौंडांची’ विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं मोटरवरचं यंत्र, विकली. बसवणावळीसकट सव्वा लाख रुपये घेतले. बंपरची प्लेट दोन मिलिमीटरची निघाली. विंचवरचं लेबल खोटं निघालं, तांब्याची म्हणून दिलेली केबल ॲल्युमिनियमची निघाली आणि बिलावरचा जीएसटी नंबर केव्हाच रद्द झालेला होता. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण यातली प्रत्येक चलाखी इतक्या सफाईने केलेली होती की मी पहिला गिऱ्हाईक नसणार, आणि शेवटचाही नसणार. म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

विंच कशाला हवी, असं शहरातल्या लोकांना वाटतं. माळव्याची काळी माती पावसात एकदा भिजली की फोर-बाय-फोर असूनही गाडी रुतते. इंदूरजवळ चोरलच्या बाजूला आमच्या ओळखीच्यांचं शेत आहे. तिथला शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टर मिळेपर्यंत अर्धा दिवस जातो. जानापाव, जाम गेट या बाजूला जाणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही. चाकं बुडेपर्यंत रुतलेली गाडी बाहेर काढायला तिच्या वजनाइतकी, कधी त्याहून जास्त ओढ लागते. म्हणून गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकदीची विंच घ्यावी असा हिशेब सगळीकडे धरतात. थार माणसं-सामान धरून सव्वादोन टनांच्या आसपास जाते. दीडपट म्हणजे साधारण ३,४०० किलो, पौंडांत साडेसात हजारांच्या आसपास. ९,५०० पौंड म्हणजे ४,३०० किलो, तेव्हा ती विंच या गाडीला पुरेशी. हा सगळा हिशेब दुकानदाराने स्वतःच कागदावर मांडून दाखवला होता, आणि तो बरोबरच होता. खोटा होता तो माल.

दुकानात माझं आडनाव ऐकल्यावर तो मराठीत बोलायला लागला. “अहो काका, आपल्या माणसाकडून मी काय जास्त घेणार? माझी आजी लोकमान्य नगरात राहायची.” इंदूरच्या मराठी घरांत या वाक्याने काय होतं, ते इथल्या कुणालाही सांगायला नको. भाव तुटला, चहा आला. मग त्याने विंचचा दोर मोकळा सोडून भर्रकन गुंडाळून दाखवला. ही जी दुकानातली ‘ट्रायल’ असते, तिच्याबद्दल आधी सांगतो. बिनवजनाचा दोर किती वेगाने गुंडाळला जातो, यावरून ओढ मुळीच कळत नाही. उलट तेवढ्याच मोटरला गिअरचं प्रमाण कमी ठेवलं की मोकळा दोर वेगाने पळतो आणि ओढ घटते. वेग पाहून खूश होऊ नका.

पहिल्याच खऱ्या कामाला ती विंच उघडी पडली. चोरलच्या त्याच रस्त्यावर पुढची दोन्ही चाकं खाली गेली होती. आंब्याच्या बुंध्याला रुंद पट्टा गुंडाळला, दोर सुटला तर उसळू नये म्हणून त्यावर मध्ये ओलं पोतं टाकलं, माझा पुतण्या आणि शेतावरचे दोघं बाजूला लांब उभे राहिले. दोर ताणला, गाडी हलली नाही, मोटरचा आवाज बसत चालला. आणि मोठा आवाज होऊन बंपरचा डावा कान फाटला. विंचसकट बंपर एका अंगाने फिरला आणि दोर जमिनीवर आपटला. पोतं होतं आणि माणसं दोराच्या रेषेत नव्हती, म्हणून कुणाला काही झालं नाही. हे लिहितानाही माझा हात थरथरतो. पुतण्या एकोणीस वर्षांचा आहे. त्याला दोर धरायला उभं केलं असतं तर काय झालं असतं, हे त्या दुकानदाराला माहीत होतं, आणि तरी त्याने तो बंपर विकला. पैशांचा राग नंतरचा आहे, माझा पहिला राग हा आहे.

गाडी ट्रॅक्टरने काढली आणि आमच्या जुन्या मेकॅनिककडे सगळं उतरवलं. तिथे जे दिसलं ते एकेक सांगतो.

बंपरची जाडी नेहमी कडेवरून बघितली जाते. म्हणून दोराच्या खिडकीची आणि खालची कड त्यांनी दुमडून आत वळवली होती. दोन मिलिमीटरचा पत्रा दुमडला की कड चारची दिसते. त्यावर जाड पावडर कोटिंग असलं की दुमड कळतही नाही. जाडी मोजायचा वर्नियर लावून मोजलं तरी चारच भरतं. मेकॅनिकने मधल्या भागात दिव्यासाठी पाडलेल्या भोकात वर्नियर घातला तेव्हा खरं माप आलं. वेल्डिंगच्या जागी पुट्टी भरून घासलेलं होतं. हातोडीने टोचल्यावर ती सुटून आली, आणि खाली वेल्ड अखंड नव्हता, फक्त टाके होते. हे टाळायचा सोपा मार्ग म्हणजे वजन. लोखंडाच्या एक चौरस मीटर प्लेटचं वजन दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतं. चार मिलिमीटरला ३१ किलो, दोनला पावणेसोळा. आमचा बंपर सगळ्या कंसांसकट २३ किलो भरला. बंपर गाडीवर चढण्याआधी काट्यावर चढवायला लावा. दुकानदार नाही म्हणाला तर तिथेच निघा.

त्याहून गंभीर गोष्ट मागे होती. विंचची ओढ शेवटी गाडीच्या चॅसीने झेलायला हवी. म्हणजे विंच ज्यात बसते तो पाळणा जाड प्लेटचा असावा आणि तो चॅसीच्या दोन्ही दांड्यांना चांगल्या दर्जाच्या बोल्टांनी धरलेला असावा. ८.८ किंवा १०.९ हा दर्जा बोल्टच्या डोक्यावर उठवलेला असतो. आमच्याकडे पाळणा बंपरच्याच पत्र्याला वेल्ड केला होता. बंपर पुढच्या पातळ पट्टीला लावला होता आणि बोल्टांच्या डोक्यावर काहीच खूण नव्हती. ओढ पडल्यावर पत्रा कागदासारखा फाटला.

विंचवर चकचकीत लेबल होतं, त्यावर ‘९५००’ आणि ‘५.५ एचपी’. हेअर ड्रायरची ऊब दिल्यावर ते सुटलं आणि खाली बॉडीवरच कोरलेला मूळ आकडा दिसला, ६०००. मोटरचं झाकण उघडलं तर आत गंज आणि झिजलेले कार्बन ब्रश. जुनी विंच रंगवून, नवा दोर गुंडाळून, नव्या खोक्यात घालून दिली होती. खोक्यावरचा सिरियल नंबर, वॉरंटी कार्डावरचा नंबर आणि विंचवरचा नंबर या तिघांचा एकमेकांशी मेळ नव्हता. हे तीन नंबर पैसे देण्याआधी जुळवायला एक मिनिट लागतं.

आकड्याबद्दल आणखी दोन गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही. विंचवर लिहिलेली ताकद दोर गुंडाळायच्या ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. दोर जितका ड्रमवर उरलेला, तितका ड्रमचा व्यास मोठा आणि ओढ कमी. शेवटच्या थरावर ती तीसेक टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त घटते. म्हणून जमेल तितका दोर बाहेर काढून ओढायचं, पण शेवटचे वेढे ड्रमवर ठेवूनच. जास्त ताकद लागली तर पुढे झाडाला कप्पी लावून दोर परत गाडीला अडकवला की वेग निम्मा होतो आणि ओढ जवळजवळ दुप्पट. दुसरी गोष्ट, काही स्वस्त विंचवर चाकांवर मोकळी फिरणारी गाडी ओढण्याच्या वजनाचा मोठा आकडा छापतात आणि सरळ ओढीचा खरा आकडा आत पुस्तिकेत बारीक अक्षरात असतो. चांगली कंपनी कोणत्या थरावर किती ओढ, कोणत्या ओढीला किती अँपिअर, असा पूर्ण तक्ता देते. तो तक्ता मागा. ५.५ हॉर्सपॉवर म्हणजे ४,१०० वॅट. बारा व्होल्टवर काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी ३४० अँपिअर होतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. तक्त्यात पूर्ण ओढीला यापेक्षा कमी दिसलं तर एक तरी आकडा खोटा आहे.

एवढा करंट न्यायला केबल जाड आणि शुद्ध तांब्याची लागते. आमच्या केबलीचं एक टोक चाकूने खरवडलं, वरचा लाल मुलामा गेला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. अशा केबलीचा करंटला होणारा विरोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो, मग ती तापते, आणि इंजिनाजवळ आग लागण्याची भीती असते. बॅटरीजवळ विंचची वीज तोडणारा स्विच बसवला आहे म्हणून दुकानदाराने पैसे लावले होते. तो बसवलेलाच नव्हता.

आता कायद्याचं. बंपरवर ‘आरटीओ अप्रूव्हड’ आणि ‘नॅट्रॅक्स टेस्टेड’ अशी दोन स्टिकरं होती. गाड्यांच्या चाचण्या करणारं पिथमपूरचं नॅट्रॅक्स हे केंद्र आपल्या शेजारीच आहे, म्हणून इंदूरच्या माणसाला हे पटकन खरं वाटतं. पण टेस्ट झाली असेल तर रिपोर्ट असतो, त्याला नंबर असतो. मी मागितला, तो आजवर मिळालेला नाही. आणि आरटीओ दुकानातल्या बंपरांना मंजुरीची स्टिकरं वाटत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं, कारण ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात जातं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. यामागे कारण आहे. कंपनीचा बंपर आणि त्यामागचे भाग धडकेत चुरून धक्का खातात आणि त्या धक्क्यावरून एअरबॅग उघडायच्या की नाही ते ठरतं. मध्ये कडक लोखंड आलं की हा हिशेब बिघडतो, आणि समोर पायी चालणारा माणूस असला तर त्याच्या वाट्याला सरळ लोखंड येतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल दावा नाकारायला कारण ठरू शकतो. यातलं एक अक्षरही विकणाऱ्याने सांगितलं नाही, उलट स्टिकर दाखवून विचारायची वाटच बंद केली. माझ्या गाडीला आता कंपनीचा बंपर परत लागला आहे. डिक्कीत फावडं, रुतलेल्या चाकाखाली घालायचे ट्रॅक्शन बोर्ड आणि हाताने चालवायची चेन कप्पी आहे, आणि आमच्या शेताच्या रस्त्याला तेवढं पुरतं.

बिलाचं थोडक्यात सांगतो. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि मध्य प्रदेशातल्या नोंदणीला तो २३ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, ते लगेच दिसतं. आमच्या बिलावर कर आकारला होता आणि नोंदणी रद्द होती, म्हणजे तो कर सरकारकडे गेलाच नाही. बिलावर वस्तूचं वर्णनही फक्त ‘कार ॲक्सेसरी’ एवढंच होतं. बिलावर विंचची कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि प्लेटची जाडी लिहून घ्या. मी जाडी आणि ताकद दुकानदाराकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेतली होती, आज तोच माझा मोठा आधार आहे.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे आधी नोंद केली, दुकानदाराने उत्तर दिलं नाही. मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात दावा टाकला. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली वेगळा अर्ज दिला आहे. आयोगाची नोटीस गेल्यावर दुकानदाराचा फोन आला, पुन्हा ‘काका’ म्हणत. निम्मे पैसे देतो, विंच आणि बंपर परत द्या आणि केस मागे घ्या, असं त्याचं म्हणणं होतं. मी नकार दिला. ते सामान त्याच्या हाती गेलं तर पुन्हा रंगून दुसऱ्या कुणाच्या गाडीवर चढेल.

फाटलेला बंपर, सोललेलं लेबल आणि ती केबल माझ्या घरी फोटो काढून, मेकॅनिकच्या सहीच्या पंचनाम्यासकट ठेवली आहे. इंदुरात किंवा आसपास कुणी अशीच स्टिकरं असलेला बंपर घेतला असेल, तर दोर ताणण्याआधी पाळण्याचे बोल्ट आणि भोकातली जाडी बघून घ्या. माप जुळलं नाही तर मला कळवा. आयोगापुढे एकाच दुकानाचे दोन-तीन तक्रारदार उभे राहिले, तर हा माल बाजारातून काढायला लावणं सोपं जाईल.