मोबाइलमध्ये तंबोरा घेऊन लॅमिंग्टन रोडला

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. यामाहाचा आर-एस२०२ हा दोन चॅनलचा रिसीव्हर (म्हणजे रेडिओसकट ॲम्प्लिफायर) आणि वॉर्फडेलची डायमंड १२.१ ही बुकशेल्फ स्पीकरची जोडी, असा संच आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये लागला आहे. वायर, स्टँड धरून सगळं ६० हजारांच्या आत बसलं. मी गाणं शिकवते, त्यामुळे पारख तंबोऱ्यावर केली आहे. ज्यांना सिनेमातले बॉम्बस्फोट छातीत जाणवायला हवेत त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

घरात दोन पक्ष होते. आमच्या ह्यांना होम थिएटर हवं होतं: पाच स्पीकर, खालच्या घुमाऱ्यासाठी एक वेगळा सबवूफर, आणि मॅच लागली की वानखेडेवर बसल्याचा भास. माझी मागणी साधी होती. शिकायला येणारी मुलं जुन्या मैफिली मोबाइलवर किंवा त्या ब्लूटूथच्या डबीवर ऐकतात. त्यात तान ऐकू येते, पण आवाज कुठून लावलाय ते कळत नाही, आणि तंबोरा तर नसल्यातच जमा. त्यांना बसवून नीट काही ऐकवता यावं, एवढंच.

दुकानात ऐकायला काय न्यायचं, हा पहिला प्रश्न. विक्रेत्याकडे त्याची ठरलेली गाणी असतात, आणि ती कुठल्याही स्पीकरवर छान वाजतात म्हणूनच ठरलेली असतात. मी घरचा तंबोरा रेकॉर्ड करून नेला. मिरजेचा आहे, जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा झंकार, नुकतीच काढून आणलेली. शिवाय माझ्याच एका विद्यार्थिनीचा मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, रियाझ आणि थोडा तबला. हे तिन्ही आवाज मी रोज हातभर अंतरावरून ऐकते, त्यामुळे स्पीकर कुठे थाप मारतोय ते लगेच पकडता येतं. तुम्ही गात-वाजवत नसाल तर घरातल्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करून न्या. आईचा आवाज स्पीकरमधून आईसारखा वाटतो की नाही, हे कुणालाही सांगता येतं.

तंबोऱ्यात ऐकायचं काय? जवारी चांगली लागली असेल तर खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची, तार छेडल्यावर थोड्या वेळाने तिच्यातूनच गंधार उमलतो. आपण तो वाजवलेला नसतो. तारेच्या मूळ स्वरासोबत वरचे बारीक उपस्वरही निघतात, त्यातल्या पाचव्यातून तो येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. स्पीकरने तो दाखवायला हवा. दादरच्या एका शोरूममध्ये पहिली जोडी लावली तर जवारीची नुसती झिणझिण पुढे आली आणि गंधाराचा पत्ता नाही. दुसऱ्या जोडीत खालचा आवाज मुद्दाम फुगवलेला. डग्ग्यावरची घीस (हात घासून काढलेला आवाज) संपली तरी तिचा घुमारा रेंगाळत राहायचा आणि पुढचा बोल त्यात बुडायचा. या दोन्हींची नावं घेत नाही. शोरूमच्या खोलीचाही त्यात हात असणार, आणि दुसऱ्या कुणाला त्याच आवडतील.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानात वेगळीच गंमत झाली. जुनी मोनो मैफल लावली. मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी तेच येतं, त्यामुळे आपण बरोबर मध्ये बसलो तर गवई दोन स्पीकरच्या मधोमध बसलेला ऐकू यायला हवा. इथे आवाज खोलीभर पसरलेला, पोकळ, आणि तबल्यातला डग्गा गायब. मी म्हटलं, "दादा, एका स्पीकरची वायर उलटी लागलीय का बघता?" त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे वाकून लाल-काळी वायर अदलाबदल केली. बुवा मध्ये येऊन बसले! एक स्पीकर पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे खेचत असेल तर खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. घरी जोडणी झाल्यावर प्रत्येकाने ही तपासणी करावी, मोनो रेकॉर्डिंग त्यासाठी सोन्यासारखं.

वायर सुलटी झाल्यावर तिथेच डायमंड १२.१ ऐकले. खालच्या स्वरांचा वूफर १३० मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम पाच इंची, वरच्या स्वरांचा ट्वीटर २५ मिलिमीटरचा कापडी घुमटाचा. बघायला काही विशेष नाही. पण गंधार होता. विद्यार्थिनीचा मंद्रातला आवाज छातीतून आलेला कळत होता, आणि ती श्वास कुठे चोरते तेही. (तिला हे सांगितल्यावर तिने पुन्हा कधी रेकॉर्ड करू दिलेलं नाही.) वरच्या टिपेला थोडी झळाळी कमी आहे, सतारीची नखी अजून धारदार हवी असं कुणाला वाटेल. मला ते चालतं. रोज तीन-तीन तास ऐकायचं तर टोचणारा स्पीकर नकोच.

विक्रेता मात्र सबवूफरवर अडून बसला. "मॅडम, हे ६५ हर्ट्झपर्यंतच जातात. खाली काहीच नाही." आकडा खरा आहे, माहितीपत्रकात तोच आहे. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आकडा लहान तितका स्वर खालचा.) पण आपल्या गाण्याला लागतं किती ते मोजून बघा. पुरुष गवयाची पट्टी, म्हणजे पेटीवरची षड्जाची जागा, काळी एक धरली तर मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. माझी पट्टी काळी पाच. माझा मंद्र षड्ज ११७च्या आसपास. म्हणजे भारदस्त पुरुषी तंबोऱ्याची सगळ्यात खालची तारसुद्धा या छोट्या खोक्यात मावते. ज्यांच्या घरी डीजेची गाणी किंवा ऑर्गन वाजतो त्यांनी सबवूफर जरूर घ्यावा. शिवाय आमचा हॉल दहा फूट रुंद. एवढ्या रुंदीच्या समोरासमोरच्या भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून गुंजत राहतो, म्हणजे सबवूफर ज्या पट्ट्यात काम करणार नेमका तोच. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले असते.

आता रिसीव्हर. सिनेमासाठीचा, अनेक चॅनलचा एव्ही रिसीव्हर आणि फक्त दोन चॅनलचा स्टिरिओ रिसीव्हर यांत दुकानदार नेहमी पहिल्याकडे ढकलतो, कारण तेवढ्याच पैशात "पाच चॅनल" म्हणता येतं. खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडा बघू नका, त्याच्याखालची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच ठिकाणी तो आकडा एकच चॅनल चालू असताना, ६ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध) आणि फक्त १ किलोहर्ट्झच्या एका स्वरावर मोजलेला असतो. कॅसेट प्लेअरच्या काळात पीएमपीओ नावाने हजारो वॅट लिहायचे, त्याचंच हे सभ्य रूप. आर-एस२०२चा आकडा १०० वॅट, पण तो ८ ओहमवर, ४० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, प्रत्येक चॅनलला. तेवढ्याच पैशात पाच ॲम्प्लिफायर, व्हिडिओची सर्किटं आणि डॉल्बीची चिप मिळत असेल तर कशात तरी काटकसर झालेली असणारच, आणि यातलं तीन चतुर्थांश मी वापरणारच नव्हते.

तसं बघितलं तर घरात वॅट लागतात फार थोडे. डायमंडची संवेदनशीलता ८८ डेसिबल, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर एवढा आवाज. आमच्या कोचापर्यंत येईस्तोवर, दोन स्पीकर आणि भिंतींची भर धरून, तो ८०च्या पुढेमागे राहतो. म्हणजे मुलांना ऐकू येईल आणि शेजारचे रागावणार नाहीत इतपत. मग बाकीचे ९९ वॅट कशाला? तबल्याच्या थापेला. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, त्यामुळे सरासरीपेक्षा थाप १५ डेसिबल वर गेली तर त्या क्षणाला तीसपट वॅट हवेत. दमदार रिसीव्हर नसेल तर ती थाप चेपते आणि तबला पुठ्ठ्याचा वाटतो. स्पीकरच्या ओहमचंही बघून घ्या. कमीत कमी किती ओहमचा चालतो ते रिसीव्हरच्या मागेच छापलेलं असतं.

आर-एस२०२च्या उणिवा सांगते, कारण त्या मला रोज दिसतात. बेस-ट्रेबलची बटणं पुढे नाहीत, रिमोट हातात घेऊन मेनूत शिरावं लागतं. मागे वायर अडकवायला स्प्रिंगच्या क्लिपा आहेत, जाड वायर किंवा बनाना प्लग जात नाही. मी लोहार चाळीतून १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर आणली. पाच मीटरला जाऊन-येऊन तिचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो किस झाड की पत्ती. मीटरला शेकड्यांनी रुपये मोजायची वायर दुकानात दाखवतात, ती नम्रपणे परत करावी. फक्त तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तर नाही ना, हे टोक खरवडून बघायचं.

ब्लूटूथ आहे, मुलं आपापल्या मोबाइलवरून लावतात. एफएम चांगलं पकडतं, सकाळी १०२.८ वर विविध भारती सुरू असते. यंत्र गरम होतं, त्याला पंखा नाही. शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नये, वर मोकळी जागा हवी आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घालायची हौस आवरावी.

मांडणीत मात्र खरा जीव आहे. स्पीकरच्या खोक्याचं हवेचं भोक मागच्या बाजूला आहे, त्यामुळे भिंतीला टेकवले की डग्गा ढोलासारखा वाजू लागतो. भिंतीपासून फूटभर पुढे आणून, कोपरे टाळून, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल असे स्टँडवर ठेवले. स्टँड आमच्याच गल्लीतल्या ग्रिलवाल्याने वेल्डिंग करून दिले, खाली जाड पत्रा, वर रबर. खाली टाइल, समोर काच, वर स्लॅब अशा हॉलमध्ये टाळी वाजवली तरी टण्‌ असा आवाज येतो. सतरंजी कायम अंथरलेली ठेवली, जाड पडदे लावले, पुस्तकांचं कपाट समोरच्या भिंतीला नेलं. त्याने पडलेला फरक पुढच्या किमतीचे स्पीकर घेऊनही पडला नसता, असं माझं ठाम मत आहे.

ह्यांच्या मॅचचं काय, तर टीव्हीला फक्त ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या तारेचं डिजिटल, आउटपुट आहे आणि आर-एस२०२ला ऑप्टिकल घेता येत नाही. मध्ये डिजिटलचा साधा सिग्नल करणारी एक छोटी डॅकची डबी लावली, चालतंय. सबवूफर लावायला वेगळं आउटपुट नाही, तेव्हा तो वाद आपोआप मिटला. रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुटही नाही. वडिलांच्या तबकड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना फोनो प्रीॲम्प, म्हणजे तबकडीचा क्षीण सिग्नल वाढवणारी डबी, वेगळा घ्यावा लागेल. टीव्ही आणि तबकड्या दोन्ही असतील तर यामाहाचाच आर-एन३०३ मिळतोय का ते आधी विचारा. त्यात फोनो, ऑप्टिकल आणि वाय-फाय तिन्ही आहेत, आणि वॅट तेवढेच.