चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियम: तपासणी चांगली, पण एकटी नको

मुतखडा पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टर ही तपासणी लिहून देतात. सोबत क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होऊन लघवीतून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) आणि सोडियम मोजून घेतलं तर तिला पाचपैकी साडेचार गुण. नुसत्या कॅल्शियमच्या एका आकड्याला दोनच.

असं का, ते मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या कामावरून कळतं. मूत्रपिंडात दिवसाला साधारण १० ग्रॅम कॅल्शियम गाळलं जातं आणि त्यातलं ९८ ते ९९ टक्के नलिका रक्तात परत घेतात. सुमारे ६५ टक्के पहिल्याच नलिकेत, सोडियम आणि पाण्याच्या पाठोपाठ, पेशींमधल्या फटींतून परततं. आणखी २० ते २५ टक्के नलिकेच्या पुढच्या वळणाच्या, म्हणजे हेन्लेच्या वळणाच्या, जाड चढत्या भागात. राहिलेल्यातलं बरंचसं दूरची वेटोळी नलिका उचलते. तिथे वाट पेशीच्या आतून जाते आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाचा, म्हणजे पीटीएचचा, हुकूम चालतो. आता हिशेब बघा: परतीचं प्रमाण ९८.५ वरून ९७.५ टक्क्यांवर आलं, तर लघवीतलं कॅल्शियम १५० वरून २५० मिलिग्रॅमवर जातं. एका टक्क्याचा एवढा फरक पकडायचा, तर लघवी गोळा करताना ढिलाई चालत नाही.

आणि चुका तिथेच होतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, मग पुढची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून. पहिलीही कॅनमध्ये गेली तर आकडा फुगतो. शौचाच्या वेळची किंवा ऑफिसातली राहिली तर घटतो. कॅनमध्ये आधीच अ‍ॅसिड घातलेलं असेल तर थेट त्यात लघवी करू नका, अंगावर उडून भाजतं. मगमध्ये घेऊन सावकाश ओता. अ‍ॅसिड नसेल तर कॅन थंड जागी ठेवा आणि मोजणीपूर्वी लॅब अ‍ॅसिड घालते का, ते विचारा. नाहीतर कॅल्शियमचे स्फटिक तळाशी बसतात आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. युरिक अ‍ॅसिडसाठी मात्र अ‍ॅसिडवाला कॅन चालत नाही. लॅबला थोडीच लघवी द्यायची असेल, तर आधी सगळी नीट ढवळा आणि एकूण माप लिहून द्या. १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि १,९०० मिलिलिटर म्हणजे २६६ मिलिग्रॅम. माप चुकलं की सगळंच चुकलं.

गोळा केलेली लघवी पूर्ण होती का, ते क्रिएटिनिन सांगतं. पुरुषात दर किलो वजनामागे २० ते २५ मिलिग्रॅम, बाईत १५ ते २०, उतारवयात कमी. ७० किलोच्या तरुण पुरुषाचं ९०० आलं तर बरीच लघवी सांडली किंवा राहून गेली आहे. असा रिपोर्ट वाचत बसू नका, तपासणी पुन्हा करा.

कॅल्शियम बायकांत २५० आणि पुरुषांत ३०० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर जास्त मानतात. पण औषधाकडे वळण्याआधी सोडियम बघा. पहिल्या नलिकेत दोघांची वाट एकच असल्यामुळे सोडियम बाहेर पडू लागलं की कॅल्शियमही जातं: १०० मिलिमोल, म्हणजे जवळपास ६ ग्रॅम मिठामागे सुमारे ४० मिलिग्रॅम. सोडियम २२० मिलिमोल असेल तर पोटात रोज तेरा ग्रॅमच्या आसपास मीठ जातंय. लोणचं, पापड, फरसाण कमी करून पुन्हा मोजा. दूध-दही मात्र तोडू नका. आतड्यात कॅल्शियम कमी पडलं की ऑक्झलेट (अन्नातला, कॅल्शियमशी जुळून खडा बनवणारा पदार्थ) जास्त शोषलं जातं आणि खड्याचा धोका उलट वाढतो.

तपासणीच्या दिवशी जेवण रोजचंच ठेवा. त्या एका दिवसापुरतं पथ्य पाळलं तर रिपोर्ट त्या पथ्याचा येतो. चालू गोळ्या फॉर्मवर लिहा: लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांपैकी फ्युरोसेमाइडने चढत्या भागातलं शोषण घटून आकडा वाढतो, थायाझाइडने उतरतो, व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या पुड्या वारंवार घेतल्या तरी वाढू शकतो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असेल तर त्याच दिवशी रक्ताचं कॅल्शियम आणि क्रिएटिनिनही द्या. रक्त आणि लघवी दोन्हींतल्या कॅल्शियम-क्रिएटिनिनवरून काढलेलं क्लिअरन्सचं गुणोत्तर ०.०१ च्या खाली आलं, तर पॅराथायरॉइडच्या शस्त्रक्रियेची घाई करण्याआधी आनुवंशिक कारणाचा शोध घ्यायला हवा.